न फवारलेला कोपरा

माय, तुझा तो शेतातला कोपरा उद्या फवारायचा आहे. म्हणलं आधी तुला चार शब्द ऐकवावेत, मग पंप उचलावा.

मी सध्या शिरड शहापूरला, मामाकडं आहे. सध्या म्हणजे हळदीची लागवड उरकेपर्यंत. त्याआधी औंढ्याला देवळापुढच्या हॉटेलात भजे तळत होतो, त्याआधी टेम्पोवर, त्याआधी हिंगोलीच्या कॉलेजात नाव होतं, नुसतं नाव. भज्यांची एक गंमत सांगायची होती, पण राहू दे. तुला कधी वेळ होता ऐकायला?

माझे दुधाचे दात पडत होते तेव्हा मला मामा-मामीच्या दारात सोडून तू पीएचडीला गेलीस. आई काय करते असं कुणी विचारलं की मामाच सांगायचा, "इंजिनिअर हाय. पूल बांधत न्हाई, रस्ता बांधत न्हाई, जंतू बांधती." फवाऱ्याचं औषध मातीतून विहिरीत उतरतं, ते खाऊन टाकणारे जिवाणू तू तिकडं घडवत होतीस. सुट्टीत आलीस की आधी शेत, मग मी. पिशव्यांत माती भरायची, वर चिठ्ठ्या डकवायच्या. मी एका पिशवीत हात घातला तर खाडकन मारलंस. "नासवशील!" मातीच ती, माय. मी रोज तिच्यात लोळत होतो. मग समजूत काढायला तुझे निळे रबरी हातमोजे दिलेस. मी एकात पाणी भरलं, बोटांना भोकं पाडली अन् शेजारच्या पोरांना गाय पिळून दाखवली. सगळे हसले. तू नाही.

शेवटच्या खेपेला मामी चुलीपुढं भाकरी थापतेय आणि तू तिला मोठ्या कौतुकानं सांगतेस, "वहिनी, हे जिवाणू प्रयोगशाळेबाहेर निसटले तरी पसरायचे नाहीत. तशी सोयच केलीय त्यांच्यात. माझ्या हातचं खाणं तुटलं की मरतात."

"मग मी काहून मेलो न्हाई?" मी विचारलं.

तू म्हणालीस, "आधी नीट बोलायला शिक." एवढंच. त्या पावसाळ्यात तिकडंच डेंग्यूनं गेलीस. पीएचडी अर्धवट, मीही अर्धवट.

मागं ठेवलास तो हा कोपरा. फवारलेल्या मातीशी ताडून बघायला कधीच न फवारलेला तुकडा पाहिजे, म्हणून इथं हळद लावा पण तण हातानंच काढा असं बजावून तू लाल रंगाचा धोंडा रोवलास. मामीनं दरवर्षी तिथं एकटीनं खुरपलं. लागवडीच्या दिवशी धोंड्याला हळदकुंकू लावलं. ते बघून आता वाटेनं जाणाऱ्या बाया तिथं नारळ फोडतात. देव झालीस, माय. आई व्हायचं तेवढं राहिलं.

औंदा मामीचे गुडघे गेले. मामा म्हणाला, "किती दिस तिचं सोंग सांभाळायचं? तणनाशक मार." म्हणलं, मीच मारतो. त्यात तुझ्या संस्थेतली एक पोरगी येऊन गेली, तुझंच काम पुढं चालवते. "दादा, एकदा फवारलं की ही माती गेली. परत तयार नाही करता येत." मला दादा म्हणत होती अन् नजर सगळी मातीवर. हुबेहूब तू.

वरचं काल लिहिलं. आज पंप पाठीवर घेऊन गेलो. आधी धोंड्याला लाथ घातली. तो हलला नाही, माझा अंगठा सुजला. मग पंप बाकीच्या सऱ्यांवर रिकामा केला आणि मामीचं खुरपं घेतलं. कुठंच न टिकणारा मी दिवसभर एका जागी बसलो. राग गेला असं समजू नको. घरी आल्यावर मामा म्हणाला, "मारलं का?" "मारलं," म्हणलं. मामीनं माझ्या नखांकडं बघितलं आणि गुपचूप पाणी तापायला ठेवलं.

हे पाठवू कुठं? संस्थेत, का धोंड्यापाशी? घडी करून खिशातच ठेवतो. आणि एक, मामाला कळू देणार नाही ते तुला सांगतो. तण बांधावर फेकायच्या आधी प्रत्येक काडीच्या मुळाची माती मी तिथंच झटकत होतो. चिमूटभरसुद्धा बाहेर जाऊ दिली नाही.