कोऱ्या रकान्याखालची सही

सोमवार, ४ तारीख

आजपासून मी डेटा-संरक्षण प्रमुख. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला स्वतःलाच कुणीतरी सांभाळावं लागतं, तिथे मला रक्षक नेमलंय. निघताना बायकोने ही वही हातात कोंबली आणि बजावलं की दिवसभर दुसऱ्यांच्या प्रती जपशील, निदान स्वतःच्या चार ओळी तरी कागदावर ठेव. लेकीने (वय एकोणीस, जिभेला हाड नाही, बापावर गेलीय) जिन्यातून ओरडून विचारलं की बाबा, क्लाऊड सांभाळायला निघालात तर छत्री घेतलीत का.

ऑफिस सातव्या मजल्यावर. काचा इतक्या स्वच्छ की कबुतरं रोज एकदा तरी आपटतात. धंदा असा की इस्पितळं, शाळा, कारखाने आपली माहिती आमच्याकडे ठेवतात आणि निर्धास्त होतात. आम्ही ती भाड्याच्या चार क्लाऊडवर ठेवतो आणि निर्धास्त होतो. क्लाऊडवाला कुणाच्या भरवशावर निर्धास्त असतो ते विचारायची पद्धत नाही.

संचालकांनी 'येत्या काळाचे कल' या विषयावर दीड तास घेतला. सगळं नेटवर्क एकाच पडद्यावरून हाकायचं. चारही क्लाऊडचा कारभार आपोआप चालणार, माणूस फक्त कौतुकाला. आणि 'कुलूपबंद प्रत': एकदा आत गेली की खंडणीखोर हॅकर सोडाच, खुद्द संचालकांनाही ती बदलता येत नाही, पुसता येत नाही. हा सल्ला माझाच. गेल्या वर्षी सल्लागार म्हणून तीन आठवडे इथे होतो, अहवाल दिला होता. तो आवडला म्हणूनच ही खुर्ची.

खुर्ची चांगली आहे. जरा बुटकी.

बुधवार, ६ तारीख

खुर्ची बुटकी का, ते शिपाईमामांनी सांगितलं. माझ्याआधी इथे एक बाई होत्या. अख्खं ऑफिस त्यांना बॅकअपकाकू म्हणायचं. उंची जेमतेम पाच फूट, पण संचालकसुद्धा त्यांच्यासमोर उभे राहून बोलायचे म्हणे.

काकूंचं एक तंत्र होतं. बॅकअप घेतला म्हणजे बॅकअप झाला, हे त्यांना मान्यच नव्हतं. परत आला तरच तो बॅकअप. म्हणून चाचणीसाठी खरोखर काहीतरी पुसायचं आणि प्रतीतून परत आणून बघायचं. आणि पुसायचं ते दुसऱ्याचं नाही, सही करणाऱ्याचं स्वतःचं. तेही फालतू नाही, जे गेलं तर जीव जाईल असं. मगच हात सांभाळून चालतो, असं त्या म्हणायच्या. दर महिन्याला सकाळी अकराला त्या स्वतःची एकच फाईल पुसत. त्यांची लेक वारली होती. तिने मरायच्या आदल्या दिवशी फोनवर ठेवलेला निरोप, चाळीस सेकंदांचा. पुसायच्या, परत आणायच्या, एकदा ऐकायच्या आणि फॉर्म भरायच्या. तीन रकाने: काय पुसलं, कोणाचं, परत आलं का. खाली सही.

मामांना मी विचारलं, मग नोकरीतून गेल्या कशा? मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तर मीच द्यायला हवं होतं.

खरंय. वहीत तरी लिहितो. माझ्या अहवालात 'साठ टक्के जागा मोकळी केली' असं एक ठसठशीत वाक्य होतं. ते खरं करायला मी जुन्या प्रती उडवल्या, कुणाला न विचारता, एका सकाळी अकराच्या सुमाराला. काकूंनी नुकतीच फाईल पुसली होती. परत आणायला गेल्या तर प्रतच नाही. त्या दिवशी दोन इस्पितळांचंही बरंच काही गेलं. मी अहवालात 'मानवी चूक' असं लिहिलं. मानव कोण ते लिहिलं नाही, पण खापर फोडायला डोकं शोधावं लागत नाही, सगळ्यात खाली वाकलेलं असतं तेच घेतात. काकूंना काढलं. त्या घरी बसल्या आणि तीन महिन्यांत बसल्या जागीच गेल्या.

वाईट वाटलं. पण वाईट वाटायला पगारी रजा मिळत नाही.

शुक्रवार, ८ तारीख

पुढच्या आठवड्यात तपासणी. काकूंना काढल्यापासून सहा महिने एकही चाचणी झालेली नाही. संचालकांनी दार लावून घेतलं आणि प्रेमाने समजावलं की कागद पूर्ण असला की काम पूर्णच असतं. सहा महिन्यांचे सहा फॉर्म माझ्यापुढे सरकवले.

खोटं लिहायचं तर मन लावून लिहावं, हा माझा बाणा. पहिल्यात लिहिलं, माझ्या टेबलावरची टिपणं. दुसऱ्यात, माझं पदवीचं प्रमाणपत्र. तिसऱ्यात, माझ्या घराचा पत्ता. चौथ्यात, बायकोबरोबर धरणावर काढलेला फोटो. पाचव्याला डोकं चालेना, तेव्हा काकूंचाच जुना फॉर्म समोर धरून उतरवला: लेकीचा आवाज. सहाव्याला कंटाळा आला. पहिला रकाना कोराच सोडला. पण सहाही फॉर्मवर 'परत आलं का?' पुढे 'हो' लिहिलं आणि झोकदार सही ठोकली. कोऱ्या कागदावर सही करू नये, असं माझे वडील मरेपर्यंत सांगत होते. पण त्यांच्या काळी डेडलाईन नव्हती.

मामांनी फॉर्म स्कॅन करून कुलूपबंद प्रतीत टाकले. आपोआप चालणाऱ्या नव्या यंत्रणेने विचारलं की आधीच्या प्रमुखांचे नियम तसेच पुढे चालवायचे का. मी 'हो' दाबलं. अशा जागी वाचून 'हो' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

सोमवार, ११ तारीख

अकराला टेबलावरची टिपणं गेली. कागदाचा ढीग होता, चहाचा कप सरकवेपर्यंत टेबल कोरं. मी मामांवर खेकसलो. मामा म्हणाले, साहेब, मी दारातसुद्धा आलेलो नाही.

सहज पहिला फॉर्म उघडून पाहिला. माझा 'हो' खोडलेला. शेजारी निळ्या शाईत, शाळेतल्या बाईंसारख्या टपोऱ्या अक्षरात: 'नाही'.

कुलूपबंद प्रत कुणालाही बदलता येत नाही. मीच विकत घ्यायला लावली, मला माहीत आहे.

मंगळवार, १२ तारीख

अकरा वाजून पाच मिनिटांनी मनुष्यबळवाल्या बाईंचा फोन. माझ्या फाईलमध्ये पदवीच नाही. विद्यापीठाला विचारलं तर असा विद्यार्थी नव्हताच. बाई हसत म्हणाल्या, इतकी वर्षं छान निभावलंत हो. घरी भिंतीवर चौकट आहे, काच आहे, मागचा पुठ्ठा आहे. मधला कागद नाही.

दुसरा फॉर्म: 'नाही'.

यंत्रणा बनवणाऱ्यांना फोन केला. त्यांचा तज्ज्ञ म्हणाला, बिघाड काही दिसत नाही, नियम अगदी नीट चाललाय. फॉर्म साठले असतील तर दर कामाच्या दिवशी अकराला एक उघडायचा, सही करणाऱ्याचं जे लिहिलंय ते पुसायचं, प्रतीतून परत आणायचं. मी म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, सुरू झालेली चाचणी संपेपर्यंत थांबत नाही, तुमच्या आधीच्या मॅडमनी तसं ठरवून ठेवलंय. मग विचारलं, की सर, तुम्हाला कशाची काळजी, तुम्ही तर सगळीकडे 'परत आलं' लिहिलंय ना?

पाचव्या फॉर्मवर काय लिहिलंय ते आठवलं.

बुधवार, १३ तारीख

घर सापडेना. अकरा वर्षं त्याच गल्लीत राहतो. तीन चकरा मारल्या. शेवटी बायको कोपऱ्यावर येऊन उभी राहिली आणि आंधळ्याला न्यावं तसं मला घेऊन गेली. दारावर पाटी आहे, पण मला वाचता येत नाही. दुसरी सगळी अक्षरं वाचता येतात, तेवढीच नाहीत.

संचालकांपुढे सगळं ओकलो. फॉर्म खोटे आहेत, मागे घ्या म्हणालो. ते म्हणाले, तपासणी झक्क झाली, आता भूतबाधेसाठी पुन्हा कुठे बोलवायचं त्यांना?

गुरुवार, १४ तारीख

सकाळी पावणेअकरापासून बायकोसमोर फोटो धरून बसलो. धरणाचा कठडा, वारा, तिचे उडालेले केस, शेजारी मी. अकरा. आता कठडा आहे, वारा आहे. माझ्या जागी पाणी.

बायकोला विचारलं, हा फोटो कुणी काढला, मी कुठे होतो. तिने फोटो हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, तू आला नव्हतास रे. त्या दिवशी मी रडले होते, ते आठवतंय.

तो दिवस आमच्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

काकू कागद फाडत नाहीत, ओरडत नाहीत. मी जे लिहिलं तेच, ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने. माझ्या सहीला त्यांच्याइतका मान कुणीच दिलेला नाही.

उद्या पाचवा.

शुक्रवार, १५ तारीख

लेकीला कॉलेजला जाऊ दिलं नाही. समोर बसवलं. बोलत राहा म्हटलं, काहीही बोल. ती हसून कुणा मैत्रिणीची नक्कल करायला लागली, नाकात बोलणारी, आणि —

ओठ हलतायत.

बायको हसतेय. तिला ऐकू येतंय. पंखा ऐकू येतोय, नळ ऐकू येतोय, खालच्या मजल्यावरचं कुत्रं ऐकू येतंय. तीच नाही. फोनमधले तिचे सगळे निरोप उघडले. चाळीस सेकंद, बावीस सेकंद, नुसती खरखर.

पाचवा फॉर्म. या वेळी 'नाही'च्या खाली एक ओळ जास्त आहे: 'मलाही नाही आलं.'

शनिवार, १६ तारीख

सगळं खरं लिहून काढलं. प्रती मी उडवल्या, काकूंची चूक नव्हती, चाचण्या झाल्या नाहीत. संचालकांना, दोन्ही इस्पितळांना, वर्तमानपत्राला पाठवलं. संचालकांनी वकिलामार्फत कळवलं की पदवी नसलेल्या माणसाच्या बोलण्याला कंपनी किंमत देत नाही. इतरांकडून काही नाही.

मामांना फोन केला. मामा म्हणाले, हे सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतंत तर त्या जगल्या असत्या. आणि ठेवला.

लेक चिठ्ठ्या लिहून बोलते माझ्याशी. अक्षर घाईचं. 'बाबा, डॉक्टरकडे जाऊ या.' 'बाबा, माझ्याकडे बघा ना.'

सहावा फॉर्म उरलाय. कोरा. खाली माझी सही.

रविवार, १७ तारीख

काकूंना पत्र लिहिलं आणि कुलूपबंद प्रतीत टाकलं. तिथलं त्या वाचतात, एवढं कळलंय.

हात जोडले. त्या कोऱ्या रकान्यात मला लिहा म्हटलं. फार शाई लागणार नाही. नुसतं 'तो'. एक अक्षर. माझ्या सहीवर मला न्या, कुणी हरकत घेणार नाही, मला तर आता विद्यापीठही ओळखत नाही. पण 'त्याची' म्हणून काही लिहू नका. त्याची बायको नको. त्याची लेक —

तुमचीही एक होती. तुम्हाला वेगळं काय सांगू.

मागण्याचा अधिकार नाही, हेही कळतं.

सोमवार, १८ तारीख

दहा पन्नास. घरीच आहे. लॅपटॉप समोर, सहावा फॉर्म उघडा. लेक शेजारी. डाव्या हाताने तिचं मनगट धरलंय, उजव्याने लिहितोय. तिला दुखत असेल. सोडणार नाही.

दहा अठ्ठावन्न. तिने चिठ्ठी सरकवली. वाचत नाही, नजर हलवायची नाही —

अकरा.

शाई येतेय. निळी. सावकाश, एकेक वळण —

'त'. 'तो' असू दे. काकू, 'तो' —

अर्धा आहे. अर्धा 'त'. त्याला 'या' जोडला. 'त्या'.

'तो' नाही.

'च'. आता काय, काना की वेलांटी — तिचा हात गरम आहे, आहे अजून, नाडी लागतेय —

उभी रेघ. काना. काना आहे! 'त्याचा'. म्हणजे लेक नाही, बायको नाही. माझा श्वास घ्या, माझा जीव घ्या, काय हवं ते —

पेन उचललेलं नाही. रेघेवरूनच परत वर चाललंय. कान्याच्या डोक्याशी पोचलं. डावीकडे वळ