कुल्लूचा गोंद

४ मार्च १९६७
नागपूरहून काल संध्याकाळी घरी. गोंदियाला छोट्या गाडीची वाट बघण्यात जीव गेला. हे बाकावर आडवे, मी शेजारी पदराने वारा घालत. दारात आक्का भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. धाकट्या भावाला इतकं वाळलेलं बघून त्यांच्या हातातला तांब्याच सुटला.

तिकडे दवाखान्यात सगळं नर्स करायची. आज सकाळी पहिल्यांदा मी केलं. पट्टा सैल केला, रबरी पिशवी सोडवली आणि बघितलं. मोठं आतडं सडलं होतं म्हणून काढलं, लहान आतड्याचं टोक बेंबीच्या उजवीकडे पोटावर आणून शिवलं. एवढं मला तोंडपाठ आहे. पण ते हलतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. लालभडक, ओलं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं. हळूच आकसतं, पुन्हा फुगतं. माझे हात थांबले. देवाने ज्याच्यावर एवढी पांघरुणं घातली ते माझ्यासमोर उघडं, आणि आपल्या तंद्रीत चाललेलं. हात जोडावेसे वाटले.

हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. "झालं का?" "नाही अजून."

६ मार्च
त्याला मी 'लाल' म्हणते. इथे लिहिण्यापुरतं.

लालला बोट लागलं तरी यांना कळतही नाही. आणि भोवतालची कातडी! नुसता कापूस टेकला तरी कळवळतात. तळहाताएवढी जागा सोललेली, पाझरते आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, जे पाणी भात पचवतं तेच कातडीही पचवतं. ही घरचीच आहे हे त्याला काय ठाऊक! दिवसभर हेच डोक्यात. एवढं जालीम पाणी जन्मभर पोटात वाहतं आणि आपण आपले निवांत पानसुपारी खात बसतो.

पद्धत: उकळून कोमट केलेलं पाणी. साबण नाही. टिपायचं, घासायचं नाही. वारा घालून कोरडं. मग नागपूरहून दिलेल्या डबीतली भुकटी मलमलीच्या पुरचुंडीतून भुरभुरायची. ओलाव्याने ती चिकट होते, तिच्यावर पिशवीचं रबरी कडं बसवायचं. सगळं चहाच्या आधी, पोट रिकामं असताना, तेव्हाच लाल गप्प असतं. तरी आज नेमकं कोरडं झालं की एक थेंब. पुन्हा पुसलं, पुन्हा थेंब. मला हसू फुटलं. यांना नाही.

११ मार्च
धुतलेली पिशवी अंगणात तारेवर. शेजारीण कुंपणावरून, "ये क्या है दीदी?" आक्का न अडखळता, "शेकने की थैली है. भैया की कमर दुखती है ना." आक्का सोवळ्याच्या. यांच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाहीत, पण खोटं बोलायला उंबरा आड येत नाही.

कातडी सुधारते आहे. पाझर थांबला. हे अर्धी वाटी मऊ भात जेवले. भुकटी मात्र संपत आली. नागपूरला कळवलं, तर विलायतेहून माल यायचा आहे म्हणे, केव्हा ते सांगता येत नाही.

१९ मार्च
डबी रिकामी. इथल्या औषधवाल्याने नावही ऐकलेलं नाही. मी म्हटलं, डॉक्टर एवढंच बोलले होते की हा एक जातीचा गोंद असतो. आक्का उंबऱ्यातून, "गोंद त गोंद! लाडवाचा डिंक पडला आहे ना डब्यात. कुटून लाव ना वं." मलाही पटलं. बाळंतिणीला चालतो, तो यांना काय करणार? कुटला, वस्त्रगाळ केला, लावला. मस्त चिकटला. आम्ही दोघी खूश.

२० मार्च
यांच्या जंगलखात्याच्या डेपोतले बिसेनबाबू भेटायला आले. हे आजारानंतर पहिल्यांदाच बैठकीत येऊन बसले. स्वच्छ धोतर, भांग पाडलेला. हसत होते. साहेबाची नक्कल करून दाखवत होते. आणि डिंक विरघळला. पाक झाला नुसता. कडं घसरलं, धोतर, सतरंजी, सगळं. वास. बिसेनबाबू चांगला माणूस. उठून खिडकीशी गेले, रस्त्याकडे बघत म्हणाले, "इस साल गर्मी जल्दी आ गई."

हे आत गेले ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

२३ मार्च
खाणं सोडलं. दोन चमचे पेज, तीही मी समोर बसले तर. "खाल्लं का वाहते, वाह्यलं का जळते. नाही खाल्लं त काहीच नाही. मले समजलं आहे आता." तर्क बरोबर आहे, त्याचीच भीती वाटते. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता आणखी वाळले तर हातचे जातील.

डिंकाने कातडीची पार साल निघाली. पहिल्यापेक्षा वाईट. काय लावू? खोबरेल लावलं तर कडं बसत नाही, नाही लावलं तर आग.

आक्का उंबऱ्यावर बसून रडतात. मला रडू येत नाही, राग येतो. एवढं कापून-शिवून जगवलेलं माणूस भातावाचून जाणार? भांडी इतक्या जोरात घासली की पातेल्याला पोचा आला.

२७ मार्च
आजचं कसं लिहू.

सकाळी रिकामी डबी चमच्याने खरवडत होते. कडेला चिकटलेली कणभर भुकटी निघाली तर निघाली. हे नेहमीसारखे भिंतीकडे. अचानक, "हा वास कायचा आहे?" म्हटलं, डबीचा. "दे इकडे."

वळले. या एवढ्या दिवसांत पट्टा सोडलेला असताना पहिल्यांदा वळले. डबी नाकाशी धरली, डोळे मिटले, पुन्हा हुंगली.

"अवं, हा त कुल्लूच्या झाडाचा गोंद आहे!"

डबी माझ्यापुढे धरून म्हणाले, "आंबूस, सिरक्यावानी. डेपोच्या गोदामात उन्हाळाभर हाच वास राह्यते. परसवाड्याकडून पोतेच्या पोते येतात. दुपारचा मी त्यायलेच टेकून झोपत होतो ना."

विलायतेची डबी, आणि आतला माल आपल्या डोंगरातला! आम्ही इथे त्याच्यासाठी नागपूरच्या वाटेला डोळे लावून बसलेले. हसावं की कपाळ बडवावं कळेना.

मग त्यांची नजर आपसूक खाली गेली. पोटावर. मी झाकायला गेले तर माझा हात धरला. मान वाकवून जवळून बघितलं.

"असं आहे काय हे."
"हौ."
"हालते वं."
"हौ. मले त रोज दिसते ना."

३० मार्च
बिसेनबाबूंनी साहेबांना विचारून पुरचुंडीभर गोंद आणला. पांढुरके, मळकट खडे, साली चिकटलेल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉ.ना नेऊन दाखवला. त्यांनी हुंगला, बोटांत चोळला. "साफ करके, सुखाके, कपड़े से छानके थोड़ी जगह लगाओ. जलन बढ़े तो तुरंत बंद, समझीं?" साली निवडल्या, उन्हात वाळवला.

मी मात्र आता ताकही फुंकून पिणारी. एक खडा रात्री वाटीभर पाण्यात टाकून ठेवला. लाडवाचा डिंक विरघळून जातो. हा विरघळला नाही. सकाळी वाटी काठोकाठ भरलेली, गच्च, हलवली की थरथरते. बोराएवढा खडा! आक्कांनी वाटी हातात घेतली, खाली ठेवली आणि वाटीलाच नमस्कार केला. मी हसले नाही.

दु. हे आपणहून बोलत होते. कुल्लूचं झाड कसं, तर पांढरंफटक, खडकाळ टेकडीवर, उन्हाळ्यात अंगावर पान नाही. साल कागदासारखी सुटते. "चांदण्यात दिसलं त नवा गार्ड पळून जाते, भूत म्हणून." मग, "त्याले घाव घातला का हा गोंद येते. आपल्या जखमेवर ते सोताच लावते हे."

६ एप्रिल
पहिल्या दिवशी चवलीएवढ्या जागेवर लावला, आग नाही. मग सगळीकडे. आता कडेने नवी कातडी येते आहे. गुलाबी, तान्ह्याच्या टाचेसारखी. रोज थोडी आत सरकते. तिला कोण सांगतं, किती सरकायचं, लालपाशी थांबायचं? मी रोज बघते आणि रोज तोंडात बोट.

आता हे हातआरसा धरून स्वतःच भुरभुरतात. आज मी पाणी आणायला गेले आणि परत येते तो खोलीत आक्का. उंबऱ्याच्या आत! ओल्या सोवळ्यातच पंखा हलवताहेत. हे ओशाळले. तर म्हणतात, "गप रे मधू. लहानपणी तुहं सारं म्याच काढलं. तवा काही मी बाटली नाही."

जेवण मात्र वाढत नाही. आग नाही, तरी भीती आहे. प्रत्येक घासाआधी हात पोटावर जातो. मनगटाचं हाड वर आलंय, पाहवत नाही. "एक घास आणखी" म्हटलं की ताट सरकवतात. काल म्हणाले, "कातडी बरी आहे ते खात नाही म्हणूनच."

२१ एप्रिल
कातडी जवळजवळ अंगाच्या रंगाची. यांचं जेवण तेच, वाटीच्या तळाशी. डोळे आत गेलेत.

१७ मे
ऊन असं की अंगण चटके देतं. घामाने कडं सुटतं. आज सकाळी उजव्या बाजूला पुन्हा सोललेला डाग. यांनी आरशात बघितला, मीही बघितला. बिसेनबाबू सांगून गेलेत, पाऊस लागला की कुल्लूला चिरा पाडत नाहीत, गोंद आहे तेवढाच. पुढे काय, माहीत नाही. नागपूरला जायचं का, विचारलं. यांनी आरसा पालथा ठेवला.

जेवायला बसलो. डाग आठवून माझा धीरच होईना. नको म्हणण्याची पाळी यांच्यावर यायला नको, म्हणून भात अगदीच एवढासा वाढला. हे ताटाकडे बघत राहिले. हात पोटावर. मला वाटलं, झालं, आता सरकवतात.

"एवढासा काहून वाढला?"

मी भाताचं पातेलं पुढे ओढलं.

"जळन त जळन. सकाळी पाहू आपण दोघं. वाढ ना."

वाढला. वरण घातलं, तूप घातलं. घाईघाईत तूप ताटाबाहेर. हे मान खाली घालून जेवत होते, सावकाश, आणि संपल्यावर आणखी मागितला.

आक्कांनी माझंही पान मांडलं. "बस तू बी." बसले. पहिला घास घेतला तेव्हा कळलं, मला किती भूक लागली होती.