एमिल व्होंड्रा यांच्या मैदानाबाबत माझी अखेरची इच्छा

मी, ट्रेंट एमिल व्होंड्रा, वय तेवीस, राहणार कोल्टन फोर्क, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाचाही दबाव नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गावात याबद्दल शंका घेतली जाते, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. बुधवारी लिंकन शहरात माझ्या मानेची शस्त्रक्रिया आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे सगळे म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. यापूर्वी लिहिलेले मृत्युपत्र, ज्यात मैदान वेनकाकांना दिले होते, ते मी रद्द करतो.

पुढे वाद नको म्हणून एक खुलासा. या कागदात फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून, एकमेकांना आडवे पाडत खेळतात तो. पायाने खेळतात तो सॉकर.

१. पिकअप गाडी आणि बँकेतील शिल्लक माझी बहीण जोलीन हिला द्यावी. गाडीचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही, तिला ठाऊक आहे.

२. माझी हत्यारे मी काम करतो त्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात राहावीत. मोठा पाना वेनकाकांकडे आहे. तो आधी परत आणावा. "उद्या देतो रे," हे उत्तर धरू नये.

३. माझे हेल्मेट कोणालाही देऊ नये. जोलीनच्या मुलाला खेळातले सोंग म्हणूनसुद्धा घालू देऊ नये. हेल्मेटला चीर आहे. ती मी अकरावीत असताना सामन्यात पडली, त्याच संध्याकाळी माझी मान गेली, आणि नंतर डोकेदुखीमुळे शाळाही सुटली. कोच स्टेंगर मला रुग्णालयात भेटायला आले तेव्हा खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "पोरा, तू पडलास आणि स्टँडमधल्या सगळ्या आया एकदम उभ्या राहिल्या. त्या परत खाली बसल्याच नाहीत." ते खरे होते. पुढच्या हंगामात निम्मी मुले सॉकरला गेली. त्यांचे धाकटे भाऊ तर फुटबॉलकडे फिरकलेच नाहीत.

४. मैदान. शाळेमागची ही जमीन माझे आजोबा एमिल यांनी शाळेला वापरायला दिली ती एका अटीवर: तिथे फुटबॉल चालू राहिला पाहिजे; एक हंगाम जरी रिकामा गेला तरी जमीन घरी परत. गेल्या हंगामात अकरा मुले जमली नाहीत. लहान शाळा आठ जणांचा संघ उतरवतात, पण कोच म्हणाले, "आठ जणांत फुटबॉल? त्यापेक्षा पत्ते खेळा." उरलेली मुले शेजारच्या गावच्या संघात गेली आणि जमीन माझ्या नावावर आली.

वेनकाकांना तिथे मका लावायचा आहे. "मक्याला हेल्मेट लागत नाही," ते म्हणतात, "आणि मक्याची आई रडत नाही." कोच म्हणतात, मैदानाच्या फाटकाला कुलूप लाव, मुलांची एक चांगली तुकडी आली की संघ पुन्हा उभा राहील. कत्तलखान्यात काम करणाऱ्या मारिबेल ओसोरियो सुट्टीच्या दिवशी तिथे चार वर्षांच्या पोरांपासून सगळ्यांना सॉकर शिकवतात. कुलपाचे मी त्यांच्या कानावर घातले. त्या म्हणाल्या, "लाव हो, तुझंच आहे. फक्त किल्ली कुठे ठेवतोस तेवढं सांग."

मी खूप विचार केला. रिकाम्या मैदानावर कोणीच परत येत नाही. म्हणून मैदान मी मारिबेलबाईंच्या सॉकर मंडळाला देतो. अटी अशा: दोन्ही टोकांचे फुटबॉलच्या गोलाचे उंच पिवळे खांब काढू नयेत, दर वसंतात रंगवावेत. आजोबा सामन्यात धरत ती दहा यार्ड मोजायची साखळी मैदानावरच्या शेडमध्येच टांगलेली राहावी, तिला तेल द्यावे. आणि हेल्मेट घातलेली अकरा मुले मैदान मागायला आली, तर शुक्रवारची, म्हणजे आमच्या सामन्यांची, संध्याकाळ त्यांची.

५. कोच ऑर्विल स्टेंगर यांना मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला त्यांची सही हवी आहे. ते नाही म्हणाले तर साक्षीदार दुसरा बघावा, पण कलम चार बदलू नये.

दुरुस्ती: कोचनी सगळे वाचले. चष्मा काढला, पुसला, कलम चार पुन्हा वाचले. मग म्हणाले, "अकरा लिहिलंस तर कधीच कोणी येणार नाही. आठ कर."

मी म्हणालो, "कोच, आठ जणांनी पत्ते खेळायचे असतात."

"लिही मुकाट्याने."

म्हणून कलम चारच्या शेवटच्या वाक्यातील "अकरा" हा शब्द रद्द समजून तिथे "आठ" वाचावे. मी व दोन्ही साक्षीदारांनी शेजारी आद्याक्षरे केली आहेत.

सही: ट्रेंट एमिल व्होंड्रा

साक्षीदार: एडना प्रुइट, ग्रंथपाल. सही केली.

साक्षीदार: ऑर्विल स्टेंगर, फुटबॉल प्रशिक्षक. मैदान सॉकरला देणे पटलेले नाही. सही केली. खांब मी रंगवीन.

ठिकाण: कोल्टन फोर्क सार्वजनिक वाचनालय
दिनांक: १४ जून २०२५, शनिवार