नवसाचा नारळ

४ फेब्रुवारी, मंगळवार
नवसाचा नारळ खाल्ला. मीच! देवीच्या देवळात दांडीला लाल फडक्यात बांधलेला होता. नवस पुरा झाला की ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, असं असतं. माझा दोस्त दत्तू म्हणला, "मल्ह्या, तुझ्यात दम नाय." मी म्हटलं, देवी काय नारळांची हजेरी घेती का? सोडला, फोडला. खोबरं गोड निघालं. फडकं नाल्यात.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मेलो! नारळ बायडाबाईचा होता. आमच्या शेजारची, झेंडूवाली. तिच्या कुंदनला फिट येते ना, त्यासाठी बांधलेला. नारळ गेला म्हणून रडेल वाटलं — ती तर पेढे वाटत आली! "मल्हारी, देवीनं सवताच्या हातानं सोडला रे! माझं पोरगं बरं झालं."
पेढा घेतला. खिशात टाकला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
लय वाईट झालं. तिनं कुंदनच्या गोळ्या बंद केल्या! डॉक्टर म्हणले होते, एक दिवस चुकवायची नाही. "देवीनं बरं केल्यावर गोळी खायची, म्हंजे तिच्यावर इस्वास नाय," म्हणती. कुंदन पण खूश, गोळीनं सारखी झोप येते त्याला.
अन् विहिरीवर मोटर चालू करायला तोच जातो. कठडा नाही त्या विहिरीला! दिवसभर मी त्याच्या मागं मागं.
"शेपूट फुटलं का काय मला?" म्हणला.

८ फेब्रुवारी, शनिवार
सांगून टाकलं. बायडाबाई हार ओवत होती. म्हटलं, मावशी, नारळ मी खाल्ला. कानाखाली वाजवेल वाटलं. हसली!
"मंग तुला भूक कोणी लावली?"
घ्या. आता हिला काय सांगू?
संध्याकाळी कुंदनच्या हाताला झटका बसला, चहा सगळा अंगावर. "थंडीनं," म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार
खोटं बोललो. देवीच्या नावानं!
म्हटलं, मावशी, पहाटे स्वप्नात आली. मोठं कुंकू, हिरवं लुगडं. म्हणली, गोळी माझाच परसाद आहे, बंद केली तर मी रुसेन.
बायडाबाईनं हार टाकला, डब्यातनं गोळ्या काढल्या. एक गोळी ओंजळीत धरून कपाळाला लावली, मग कुंदनच्या तोंडात. वर माझ्याच पाया पडायला लागली! पळालो.
असल्या देवभोळ्या बायकांची नक्कल करायचो मी. हातवारे करून. आज नाही जमली. पोरगं गोळी गिळंपर्यंत तिनं श्वास रोखून धरला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कुंदन ठीक. दत्तू मला "महाराज" म्हणतो. गावातली सखुबाई गुडघा दाखवायला आली — "इचार ना तुझ्या देवीला!" म्हटलं, देवी म्हणली एक्सरे काढ.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी डोळा लागला. ती आली. खरंच आली!
मी सांगितली तशी नव्हतीच. खुरपणी करून आलेल्या बाईसारखी, पायाला चिखल. एवढंच म्हणली, "कुंदनची गोळी?"
अनवाणी पळालो. मावशी सकाळपासनं फुलबाजारात, कुंदन विहिरीकडं निघालेला. आजची गोळी पाकिटात तशीच! चारली. मग तिथंच हात जोडले. कोणाला, माहीत नाही.
वही, दत्तूला सांगू नको. मावशीला तर नाहीच. कोणालाच सांगू नको, पाया पडतो तुझ्या!