स्टीलच्या डब्याचा रंग

चिक्कडपल्ली, हैदराबाद
२२ जुलै २००७

चि. सौ. त्रिवेणीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. चिक्कडपल्लीहून जामबागेत पत्र लिहिणारा मी या शहरातला शेवटचा माणूस असेन, पण तू माझा फोन उचलत नाहीस, त्याला इलाज काय?

आधी तक्रार. महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर मला सांगितलं जातंय, तुमचे एकोणतीस दिवस उरले, अठ्ठावीस उरले. त्रेपन्नाव्या वर्षी हे ऐकायला बरं वाटत नाही. सांगणारा ज्योतिषी नाही, कॉम्प्युटर आहे. आमच्या केतकीने फोटो धुण्याचं नवं सॉफ्टवेअर आणून घातलंय, महिनाभर फुकट. कॅमेऱ्यातली कच्ची फाईल त्यात टाकायची आणि पिकवायची. अंधारातही उजेड दडलेला असतो म्हणे, हळूहळू वर काढता येतो. मी हसलो. आपल्या घरात कच्चं म्हणजे एक तर कैरी, नाहीतर माझं गणित.

आईच्या पंच्याहत्तरीला माझ्याकडून चुकून कच्च्या फाईलचंच बटण दाबलं गेलं होतं. मलकपेठच्या घरातला तो औक्षणाचा फोटो काळा आला म्हणून दोन वर्षं तसाच पडून होता. तो उघडला.

त्या पंच्याहत्तरीवरूनच आई गेल्यावर दहाव्याला चार माणसांत मी तुला बोललो, तेव्हाही आली नव्हतीस म्हणून. तू म्हणालीस, "दारापर्यंत आले होते, दादा." मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस." तिथपासून तुझा फोन बंद.

सॉफ्टवेअर आधी विचारतं, चित्रातलं पांढरं काय ते दाखवा. मी आईच्या साडीवर टिचकी मारली. सगळी खोली निळी पडली, पाण्याखाली बसल्यासारखी. केतकी मागून म्हणाली, "बाबा, आजीची साडी व्हाइट कुठे होती? क्रीम होती ना." दोन वर्षं मी ती पांढरीच धरून चाललो होतो.

मग अंधाराची पट्टी सरकवत गेलो. आधी दाराची चौकट आली, मग चपलांचा ढीग. दुपारच्या झोपेत माणसं येतात ना, पाय न वाजवता, तसं एकेक येत होतं. एक हात आला. हातात डबा. मग तू. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि आईकडे बघून हसते आहेस.

मग पांढरं म्हणून त्या डब्यावर टिचकी मारली. स्टील धड काळंही नाही, पांढरंही नाही. खोलीतले सगळे रंग जागेवर आले. आईचे गालसुद्धा.

तो डबा आमच्याकडेच आहे. त्या दिवशी उंबऱ्याशी सापडला, आत शेंगदाण्याच्या पोळ्या. मी तो शेजारच्या पद्मावतीअम्मांच्या नावावर खपवायला गेलो. त्या म्हणाल्या, "हमारा नै जी. हमारे में ये बनताइच नै." आईने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "ही त्रिवेणीच्या हातची." मी म्हणालो, आई, तुझ्या तोंडाची चव गेली आता. चार दिवस त्या पोळ्या तिने एकटीने पुरवून खाल्ल्या, कुणाला दिल्या नाहीत.

आता जे लिहायला महिना लागला ते. डोळा कॅमेऱ्याला होता. दारात कुणीतरी हललं आणि मी ओरडलो, "दारातले हटो जी, फोटो बिघडतोय." कोण ते पाहिलंसुद्धा नाही. आपला अबोला आधीचाच होता, कशावरून ते मला आता आठवतही नाही. तू ते स्वतःलाच म्हटलं समजलीस आणि हटलीस.

दहाव्याला हे तू सगळ्यांसमोर सांगू शकली असतीस. सांगितलं नाहीस.

आज कॉम्प्युटर म्हणतो, दिवस संपले. फोटोची प्रत काढून घेतली आहे. केतकीला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हे आपल्या दोघांतच राहील.

पत्र पोस्टात टाकत नाही. डबा रिकामा परत करायचा नाही हा आईचा नियम, म्हणून त्यात साखर घातली आहे आणि वर हे पत्र आणि फोटो. तुझ्या उंबऱ्याशी ठेवून बेल वाजवीन. मी खाली जिन्यात थांबतो. हटो म्हणालीस तर हटेन.

फोटो बिघडवणारा,
तुझा अरविंददादा