दोघांत उरलेली भाषा

आई, तुला हाक मारायची सवय मला कधी लागलीच नाही. तुला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, हाक मारून उपयोग काय? बाकीची पोरं शाळेतून येताना लांबूनच "आये" म्हणून ओरडत यायची. दादा आणि मी मुकाट घरात शिरायचो आणि सारवलेल्या जमिनीवर दोनदा पाय आपटायचो. चुलीपुढं बसलेली तू लगेच मान वळवायचीस. पाय कुणाचा, माझा की दादाचा, हेही तुला कळायचं. ते कसं, हे तू कधी सांगितलं नाहीस, किंवा सांगितलं असशील आणि माझ्या ध्यानात राहिलं नसेल. आज लिहायला बसले तेव्हा वर 'आई' लिहितानाही हात जरा अवघडला. हा शब्द मी लोकांशी तुझ्याबद्दल बोलताना वापरलाय, तुझ्याशी बोलताना कधीच नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात भाषाप्रेमींचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता. हे तुला कसं सांगावं? देशोदेशीची माणसं, ज्यांना भाषा शिकायचा नाद आहे. कुणाला कबुतरांचा असतो, कुणाला कुस्त्यांचा, तसा. मी एका कारखान्यात जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं मराठी करते, हे सगळं तू आणि बाबा गेल्यानंतरचं. दिवसभर नट घट्ट करा, तेल घाला, झाकण लावा. साहेब म्हणाले, तुम्हाला भाषांची आवड आहे, जाऊन या. आवड होती खरी, पूर्वी. एका कॉलेजच्या वसतिगृहात चार दिवस राहायचं, छातीवर बिल्ला लावायचा आणि बिल्ल्यावर, जितक्या भाषा येतात तितके चिमुकले झेंडे. माझे चार होते. पोलंडहून आलेल्या एका आजोबांचे इतके, की त्यांचं नावच झाकलं गेलं होतं. जेवणाच्या टेबलांवर पाट्या होत्या, इथं फक्त फ्रेंच, तिथं फक्त जपानी, मीठ मागायचं तरी त्याच भाषेत. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी दुभाषी म्हणून धावत होते, कारण इतक्या भाषा येणाऱ्या माणसांत आचाऱ्याशी बोलता येणारं कुणीच नव्हतं. आणि जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, तुमची भाषा कोणती आणि किती लोक बोलतात? मराठी, कित्येक कोटी, मी सांगायचे. त्यांच्या भुवया वर जायच्या. जसे काही ते कोटी मीच जन्माला घातले होते.

रोज संध्याकाळी खोलीवर आले की जबडा दुखायचा. दिवे घालवून कुणाचंही काही न ऐकता पडून राहावंसं वाटायचं, आणि पडले की माले गावातलं आपलं घर समोर यायचं. चुलीवर तवा तापलेला आहे आणि तू तांदळाची भाकरी हातावर थापते आहेस. लोक तुला मुकी म्हणायचे, पण खरी मुकी तू तेवढ्याच वेळात. हात पिठात गुंतलेले असले की आम्ही काहीबाही विचारून तुला छळायचो आणि तू नुसती डोळे वटारायचीस. भाकरी तव्यावर पडली, हात धुतले, की मग साचलेली सगळी उत्तरं एकदम. एसटी म्हणजे कंडक्टरची दोरी ओढायची. पौड म्हणजे हवेत अंगठा उठवायचा, कारण पौडला तू जायचीस ते कचेरीत अंगठा द्यायलाच. बाबा म्हणजे टोपी मागं सारायची. चौदा एप्रिलची जयंती म्हणजे बोटांचा चष्मा डोळ्यांवर आणि मग नव्या लुगड्याचा पदर. आणि मी म्हणजे उजव्या भुवईवर दोन बोटं, जिथं उखळावर पडून मला खोक पडली होती. शाळेच्या दाखल्यावरचं नाव मला नंतर मिळालं, हे त्याच्या आधीचं.

तुझा राग एकाच गोष्टीचा. बोलताना मी नजर दुसरीकडं नेली, की तू हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडं वळवायचीस, आणि ते हळुवार नसायचं. रॉकेल संपलं की मात्र घरात बोलणं बंद. चिमणी विझल्यावर काही सांगायचंच असलं तर तू माझा तळवा ओढून त्यावर बोटं फिरवायचीस आणि मला गुदगुल्या व्हायच्या. लावणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या खाचरात तू मजुरीला जायचीस. शेताची मालकीण एकदा बाबांच्या देखत म्हणाली, "त्या मुकीला मधी घाला, तिचं हात लई चालत्यात." बाबा सहसा तिथं तोंड उघडत नसत. त्या दिवशी म्हणाले, "मुकी म्हनू नगा. ती बोलतिया. तुमास्नी कळत न्हाई, येवढंच."

"आन तुमाला कळतंय व्हय?" ती हसली.

"न कळून जातंय कुठं? डोळं मिटलं तर हलवून उठिवती आन पुन्यांदा सांगती."

पौडच्या शाळेतून आम्ही घरी आलो की तुझा पहिला प्रश्न एकच असायचा. हातानं कपाळ पुसायचं, दोन्ही हात मांडीवर टाकून द्यायचे आणि भुवया वर करायच्या. दमलीस? दादाला, बाबांना, खाचरातून वर आलेल्या म्हशीलासुद्धा तू हेच विचारायचीस. स्वतःबद्दल ते हात तसे टाकलेले मी कधी पाहिले नाहीत. शेवटी पुण्याच्या दवाखान्यात तू हात फार हलवतेस, सलाईनची सुई निघेल, म्हणून नर्सबाईंनी तुझे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. त्यांना तरी काय बोल लावू, तू बोलत होतीस हे त्यांना सांगायला तिथं कुणीच नव्हतं. मी कॉलेज करून दुपारी पोचले आणि एक हात सोडला. मला वाटलं, आता तू त्या बाईंचं गाऱ्हाणं सांगणार. तू त्या एका हातानं कपाळ पुसलंस, तो पांघरुणावर टाकलास आणि भुवया वर केल्यास. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याच आठवड्यात तू गेलीस.

मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी मुळशी धरणावर सहल होती. परतताना बस मालेला चहाला थांबेल, रस्त्यावर ये, असा निरोप मी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर दादाला धाडला होता. धरणावर फोटो काढता काढता उशीर झाला. संयोजक म्हणाले, आता मध्ये कुठं थांबायचं नाही, संध्याकाळी कार्यक्रम आहे. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मालेच्या वळणावर पेंढ्यानं भरलेली बैलगाडी पुढं आली आणि बस तिच्यामागं पायी चालल्यासारखी चालू लागली. आपल्या शेताच्या बांधावर दादा उभा होता, काखेत पिशवी. बसमध्ये सगळे आपापल्या देशाची गाणी म्हणत होते. दादा ओरडला असावा, त्याचं उघडलेलं तोंड मला दिसलं. मग त्यानं पिशवी खाली ठेवली आणि उजव्या भुवईवर दोन बोटं टेकवली.

आई, त्या नावानं मला कुणी हाक मारून किती वर्षं झाली होती. मी काचेला चिकटले. त्यानं कपाळ पुसलं, दोन्ही हात खाली टाकले, भुवया वर केल्या. चार दिवसांत एवढ्या भाषांमधून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी कपाळ पुसलं आणि हात मांडीवर टाकले. एकदा केलं, पुन्हा एकदा केलं. त्यानं दोन्ही हातांचं छप्पर करून दाखवलं, घरी ये. तेवढ्यात गाडीवानानं बैल बाजूला घेतले आणि बसनं वेग धरला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

शेजारी ते पोलंडचे आजोबा होते. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, ही कोणती भाषा? म्हटलं, तिला नाव नाही, माझ्या आईची. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, किती लोक बोलतात?

"दोन," मी म्हटलं. "एक मी, आणि दुसरा मागं राहिला."

त्यांनी मागं वळून ते सांगितलं. गोष्ट बसभर झाली. संध्याकाळी प्रत्येकानं मंचावर आपापल्या भाषेत थोडं बोलायचं होतं. संयोजकांनी माझ्यामागं लकडा लावला, मराठी नको, ते हातांचं दाखवा, नाहीशी होणारी भाषा आहे, निदान बघू तरी. मी गेले. भुवईवर दोन बोटं ठेवली आणि पुढं काही सुचेना. हॉलभर चेहरे माझ्याकडं लागलेले, आणि उत्तर देणारं एकही नव्हतं. तुझ्या भाषेत भाषण नसतंच, समोरच्याला काय हवं-नको ते विचारायचं असतं. मी नमस्कार केला आणि सगळे उभं राहून टाळ्या वाजवू लागले. तू तिथं असतीस तर बाबांना कोपरानं ढोसलं असतंस, की बघा, एवढी शिकली-सवरली माणसं आणि सगळीच्या सगळी भाकरी थापतायत.

पुढच्या रविवारी मी मालेला गेले. त्या दिवशी पिशवीतून आणलेल्या शेंगा तशाच राहिल्या, म्हणून दादानं नव्यानं उकडल्या होत्या. म्हटलं, दादा, थोडं हातानं बोलत जाऊ या, विसरायला नको. तो हसला. "समोर बसलियास, तोंडानं बोल की." मग शेंगा सोलता सोलता म्हणाला, "मी बी इसरतोय गं. म्हशीला सांगतोय कदीमदी हातानं, पर ती काय उत्तर देतीया?" मी विचारलं, पाऊस उघडला हे आई कसं सांगायची? त्यानं एक करून दाखवलं, मला आठवत होतं ते वेगळंच. बराच वेळ आम्ही दोघं आपापलं करत बसलो. शेवटी तो म्हणाला, "तुजं बी खरं आसंल. इचारायचं कुनाला आता?" आणि टरफलं उचलून गोठ्याकडं गेला.

खरं सांगू? हे लिहायच्या आधी मी सगळं तुला तुझ्या भाषेत सांगून पाहिलं. काल स्वयंपाकघरात, ओट्यापुढं उभी राहून. दोरी ओढली, पुष्कळ माणसं दाखवली, दादाला बांधावर उभं केलं आणि तिथं हात अडले. पुढचे काही शब्द मी विसरलेय, काही आपल्यात कधी नव्हतेच. म्हणून मराठीत लिहिलं, जी तू कधी ऐकली नाहीस आणि जी तुला वाचताही येत नव्हती. धाडायचा प्रश्नच नाही, तांदळाच्या डब्याखाली ठेवून देईन. मघाशी इथवर लिहून उठले आणि फरशीवर दोनदा पाय आपटला, चांगला जोरात. थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, काही पडलं का म्हणून विचारायला. काही नाही, म्हटलं.