उजव्या बाजूचा रुसवा

सक्करदरा, नागपूर
१२ जानेवारी १९७५

तीर्थरूप श्रीधरदादांस,
वच्छलेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक तुमची फटफटी सोडून. भिलाईला नोकरीवर जाताना तुम्ही ती मला दिलीत, तेव्हापासून हिने कधी दगा दिला नव्हता. आता पंधरवड्यापासून दोनपैकी एकच सिलिंडर चालतं. पाचगावच्या शाळेत जाताना उमरेड रोडचा चढ आला की अशी धापा टाकते, की बैलगाडीवालेही मागे वळून हसतात.

खरी काळजी पुढेच आहे. यांनी गाडी विकायचं ठरवलं आहे. इतवारीचे रुपरावजी २६ तारखेला दुपारी न्यायला येतील. गाडी गेली तर माझी नोकरीही गेली, कारण एस.टी. पोचते तेव्हा शाळेची प्रार्थना होऊन गेलेली असते. मास्तरीणबाई फटफटीवर फिरते म्हणून गल्लीत कुजबुज आहेच, तिचीच यांना लाज वाटत असणार. मी काही गाडी सोडणार नाही. फक्त कुठून खोलायला घेऊ ते कळवा.

वहिनींना नमस्कार. माया पातळ करू नका.
तुमची, वच्छला


भिलाई
१६ जानेवारी १९७५

चि. सौ. वच्छलास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. कामठीच्या लष्करी लिलावातून आणली तेव्हापासून ती गाडी मानी आहे, अगदी तुझ्यासारखी.

पाच मिनिटं चालवून धुराच्या दोन्ही नळ्यांवर पाण्याचा थेंब टाक. चर्र झालं ती बाजू जिवंत, नुसती ओली राहिली ती मेलेली. मग दोन्हीकडचे प्लग अदलाबदल कर. बिघाड प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर प्लग बदल. नाही गेला तर कार्ब्युरेटर साफ कर, त्यातच कचरा असणार. पैज लावतो.

आणि गणपतरावांशी भांडू नकोस. काहून विकता, ते आधी नीट विचार. इंजिन आणि नवरा दोन्ही एकदम खोलायला घेऊ नये.

सगळ्यांना तिळगूळ. पत्राची वाट पाहायला लावू नकोस.
तुझा, श्रीधरदादा


सक्करदरा, नागपूर
२७ जानेवारी १९७५

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पैज हरलात! डाव्या नळीवर चर्र झालं, उजवी थंड. प्लग अदलाबदल केले तरी उजवीच थंड. आणि कार्ब्युरेटर दोन्ही बाजूंना मिळून एकच आहे, तो खराब असता तर डावी तरी कशी चालली असती? हे तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच विसरलात.

म्हणून शनिवारी शाळेतून आल्यावर उजव्या प्लगची तार काढून इंजिनजवळ धरली आणि किक मारली. ठिणगी नाहीच. ठिणगी तयार होते त्या मॅग्नेटोची उजवीकडची काळी टोपी काढली, तर आत लाल मुंग्यांचं बिऱ्हाड! सगळं चिकट झालेलं, त्यामुळे ठिणगी प्लगपर्यंत न जाता मधेच झिरपत होती. पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, उन्हात वाळवलं, बसवलं. एका किकमध्ये दोन्ही सिलिंडर बोलू लागले.

पण तिथे गोड आलं कुठून? पुसण्याआधी वास घेतला होता, तो नारळाचा. यांना विचारलं तर मान खाली. दर शनिवारी मारुतीला नारळ फोडून त्याचं पाणी हे माझ्या गाडीवर शिंपडतात, इंजिनापाशी गुळाचा खडा ठेवतात, मी स्वयंपाकघरात असताना. म्हणाले, मले भेव लागते वं, तू घरी येतपर्यंत जीव टांगला राहते. गाडी बिघडली तेव्हा यांना वाटलं की मारुतीनेच कौल दिला, आता ही विकून टाका.

दादा, मी लाजेचा हिशेब धरून बसले होते. मला रडूच आलं. देवाला खूप सांगितलंत, आता एकदा स्वतः बसून बघा, असं मी म्हटलं आणि काल झेंडावंदनाला यांना मागे बसवूनच पाचगावला नेलं. जाताना माझा खांदा असा धरला होता की अजून दुखतोय. येताना दिघोरीच्या पुढे हात सोडून मजेत शेतातल्या तुरी बघत होते.

घरी आलो तर रुपरावजी ओट्यावर येऊन बसलेले. मी गाडी स्टँडवर लावायच्या आतच यांनी त्यांना सांगून टाकलं, की गाडी विकायची नाही, आमची बाई हिच्यावर शाळेत जाते. चहा पाजून त्यांना रवाना केलं. मग मला हळूच म्हणाले, पाचगावच्या वळणावर जरा हळू घेत जा वं.

घेईन म्हटलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा. आहे ही माया अशीच राहू द्या.
तुमची, वच्छला